पोरीच्या पदकात सरांचा वाटा किती?

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या व्यायामशाळेत संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवतो. पोटापाण्याला शाळेत पी.टी. शिक्षक आहे, बॉक्सिंगचे पैसे कोणाकडून घेत नाही. अकराव्या वर्षी आलेली एक मुलगी माझ्याकडे सहा वर्षं शिकली. अकादमीच्या निवड चाचणीला तिला मीच घेऊन गेलो होतो. यंदा तिला राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळालं. पेपरात तिचा फोटो, शेजारी अकादमीचे कोच आणि खाली 'यांच्या मार्गदर्शनाखाली'. माझं नाव कुठेच नाही. मित्र म्हणतात, पेपरवाल्यांना फोन करा, संघटनेला पत्र द्या. मेहुणा म्हणतो, बॉक्सर जन्मावा लागतो, कोच नुसती बादली धरतो. तुम्ही खेळांवर लिहिता म्हणून विचारतो, बॉक्सरच्या यशात कोचचा वाटा नक्की किती टक्के असतो?

आणखी एक. तिची सेमीफायनल मी मोबाइलवर पाहिली. अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारताना तिचा उजवा हात खालीच राहतो. माझ्याकडे असताना राहत नव्हता. हे तिला कळवू का?

जाता जाता : माझ्याकडचा एक सोळा वर्षांचा मुलगा परवा स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करताना डोक्याला ठोसा लागून पडला, थोडा वेळ भानावर नव्हता. आता ठणठणीत आहे. पुढच्या आठवड्यात विभागीय शालेय स्पर्धा आहे. वडील म्हणतात, खेळवा. काय करू?

— एक क्रीडा मार्गदर्शक

उत्तर

सर, नमस्कार.

टक्क्यांपासूनच सुरुवात करू, कारण हा आकडा खरोखर अस्तित्वात आहे. व्यावसायिक मुष्टियुद्धात लढतीचे जे पैसे बॉक्सरला मिळतात, त्यातले साधारण 10 टक्के ट्रेनरला द्यायचे, ही अमेरिकेतली जुनी रीत. मात्र ते पैसे लढतीच्या दिवशी कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात बॉक्सरच्या मदतीला, जो असतो त्याला मिळतात. मूठ कशी वळायची, अंगठा कुठे ठेवायचा, हनुवटी का खाली घ्यायची हे ज्याने शिकवलं, त्याला त्यातला छदामही मिळत नाही. म्हणजे तुमची तक्रार फक्त तुमच्या तालुक्याची नाही, हा सगळा धंदाच तसा चालतो.

1954 साली अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात बारा वर्षांच्या एका मुलाची सायकल चोरीला गेली. तक्रार सांगायला तो ज्यांच्यापुढे उभा राहिला ते जो मार्टिन पोलिसात होते आणि त्याच इमारतीच्या तळघरात पोरांना बॉक्सिंग शिकवत. चोर सापडला तर त्याला बदडणार म्हणणाऱ्या पोराला मार्टिननी सांगितलं, आधी लढायला तर शीक. तो पोरगा म्हणजे कॅशियस क्ले, पुढचे मुहम्मद अली. त्याच शहरात फ्रेड स्टोनर नावाचे आणखी एक प्रशिक्षक होते, अली त्यांच्याकडेही जायचे आणि स्टोनरनी आपल्याला घडवलं असं पुढे सांगायचे. 1960 मध्ये रोमला ऑलिंपिक सुवर्ण जिंकेपर्यंत अँजेलो डंडी अलींचे कोच नव्हते. व्यावसायिक झाल्यावरची पहिली लढतही अलींनी डंडींशिवायच जिंकली. आता तुमच्या व्यायामशाळेतल्या कोणालाही विचारून पाहा, अलींचा कोच कोण? ज्याला उत्तर येईल तो डंडीच म्हणेल.

माइक टायसनचं तसंच. कस डमाटो या म्हाताऱ्या ट्रेनरने सुधारगृहातल्या पोराला घरी ठेवून घेऊन घडवलं, ही गोष्ट जगाला पाठ आहे. पण त्या सुधारगृहात बॉबी स्टुअर्ट नावाचे एक कर्मचारी होते, स्वतः बॉक्सिंग केलेले. टायसनच्या हातात पहिल्यांदा शिस्तीने ग्लोव्हज चढवले ते त्यांनी, आणि 1980 मध्ये त्याला डमाटोंकडे नेऊन सोडलं तेही त्यांनीच. तुम्ही पोरीला निवड चाचणीला नेलंत ना, तसंच. हेवीवेट विजेता लेनॉक्स लुईस म्हटलं की त्याचे कोच इमॅन्युएल स्टुअर्ड आठवतात. कॅनडात किचनर गावी त्याला लहानपणापासून शिकवणारे आर्नी बोम कोणाला आठवतात? 1988 चं सोलचं ऑलिंपिक सुवर्ण तर स्टुअर्ड येण्याच्या कितीतरी आधीचं.

आपल्याकडे कुस्तीचं मैदान या बाबतीत जास्त सुसंस्कृत आहे, असं मला नेहमी वाटतं. निवेदक पैलवानाचं नाव पुकारतो तेव्हा तालमीचं आणि वस्तादाचं नावही पुकारतो, अमक्या वस्तादांचा पठ्ठ्या म्हणून. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये निळा कॉर्नर आणि लाल कॉर्नर, एवढंच.

आता तुमच्या मेहुण्यांकडे वळू. त्यांचं म्हणणं तुम्हाला लागलं असणार, पण ते अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. त्यांच्या बाजूने मीच थोडी वकिली करते.

30 ऑक्टोबर 1974, किन्शासा. जॉर्ज फोरमन अंगावर येतोय आणि अली दोरखंडाला पाठ टेकून मार झेलतायत. कॉर्नरमधून डंडी ओरडतायत, दोरांवरून हट, बाहेर ये. अली ऐकत नाहीत. फोरमन मारून मारून दमतो आणि आठव्या राउंडमध्ये आडवा होतो. मुष्टियुद्धाच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला हा डाव कोचने शिकवलेला नव्हता, तो कोचचं न ऐकता खेळलेला होता.

फ्लॉइड मेवेदर ज्युनियरचं पाहा. कधी वडील कॉर्नरमध्ये, कधी काका रॉजर, मग पुन्हा वडील. बापलेकांची भांडणं तर जगजाहीर. तरी हिशेब 50 लढती, 50 विजय. कोच बदलला आणि निकाल बदलला नाही, तर श्रेय कोणाचं, असं मेहुणे विचारतील. मी एवढंच म्हणेन की दोघे एकाच घरातले, एकाच पद्धतीचे. खांदा पुढे काढून ठोसा त्यावरून घसरवायची ती कला कोणीही कॉर्नरला असो, तीच राहिली.

सगळ्यात नेमकं उदाहरण 1994 चं आहे. टेडी अ‍ॅटलस हे ट्रेनर आणि मायकेल मूरर हा बॉक्सर. एप्रिलमध्ये इव्हांडर होलीफील्डशी लढत चालू असताना मूरर ढिला पडला. तो कॉर्नरकडे परतला तर त्याच्या स्टुलावर अ‍ॅटलस स्वतःच बसलेले! तुझ्याऐवजी मी लढू का, असा सवाल. मूरर पेटला, जिंकला, हेवीवेट विजेता झाला. त्या एका मिनिटाची चित्रफीत लोक आजही दाखवतात, कोच असावा तर असा म्हणून. नोव्हेंबरमध्ये हाच कोच, हाच बॉक्सर आणि समोर 45 वर्षांचा फोरमन. अ‍ॅटलस घसा फोडून सांगत राहिले, त्याच्या समोर उभा राहू नकोस. मूरर गुणांमध्ये पुढे होता, तरी समोर उभा राहिला आणि दहाव्या राउंडमध्ये उजव्या ठोशावर गेला. ही चित्रफीत मात्र कोणी कोचिंगचा धडा म्हणून दाखवत नाही. एप्रिलमध्ये अ‍ॅटलस महान होते आणि नोव्हेंबरमध्ये कुचकामी, असं काही झालं नव्हतं. सल्ला दोन्ही वेळा बरोबर होता, एकदा अंगी लागला आणि एकदा नाही.

शिवाय मोठ्या कोचच्या नावावर जी यादी असते, तिच्याकडे जरा तिरकस नजरेनेच पाहावं. लातूरच्या क्लासच्या फलकावर टॉपरांचे फोटो असतात. त्यातली किती पोरं तिथे येण्याआधीच टॉपर होती हे फलक सांगत नाही. लॉस एंजेलिसमधल्या फ्रेडी रोच यांच्या जिममध्ये 2001 मध्ये मॅनी पॅकियाओ आला तो आधीच एका वजनगटाचा जागतिक विजेता होऊन. रोचनी त्याला फार पुढे नेलं, नुसत्या डाव्या हातावर विसंबणाऱ्या पोराला उजवा हात दिला, हे खरंच. पण त्याच जिममध्ये, त्याच पॅडवर, त्याच माणसाकडे घाम गाळून गेलेले कितीतरी जण आहेत. दुसरा पॅकियाओ झाला नाही. हरियाणातल्या भिवानीचंही थोडंफार तसंच. 2008 मध्ये बीजिंगला गेलेल्या आपल्या पाच बॉक्सरांपैकी चार तिथले, विजेंदर सिंगचं कांस्य त्यातलंच. तिथले कोच जगदीश सिंग यांचे कष्ट त्यात आहेतच. पण तिथे गल्लीत दहा पोरं ग्लोव्हज घालून फिरतात, तर तुम्हाला तालुक्यात वजनगट भरायला पोरं मिळत नाहीत. तराजूच वेगळा आहे.

तर मेहुण्यांची बाजू एवढी. आता ती जिथे फसते ते सांगते.

1971 च्या मार्चमध्ये अली आणि जो फ्रेझिअर यांची पहिली लढत झाली. फ्रेझिअरच्या कॉर्नरचे मुख्य यँक डरहॅम, आणि हाताशी एडी फच नावाचे शांत गृहस्थ. फच यांनी अलींकडे पाहून एक गोष्ट टिपली होती : हा उजव्या हाताने अपरकट मारतो तेव्हा सरळ उभा राहतो आणि त्याचा उजवा हात गालावरून खाली येतो. त्या क्षणी डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, मार. पंधराव्या राउंडमध्ये अलींनी तोच अपरकट काढला, फ्रेझिअरचा डावा हुक जबड्यावर बसला आणि अली पाठीवर पडले. दोन वर्षांनी केन नॉर्टन नावाच्या, फारसं नाव नसलेल्या बॉक्सरने अलींना हरवून जबडा मोडला. त्याच्या कॉर्नरमध्येही फचच होते. अली जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारेल तेव्हा तूही जॅब मार, मागे सरू नकोस, हा त्यांचा मंत्र. फ्रेझिअर आणि नॉर्टन दोघेही कसलेले होते, पण अलींच्या अंगावरची ती फट त्यांना स्वतःहून दिसली नव्हती. ठोसे खाणाऱ्याला ती दिसणं कठीणच असतं.

तुम्हाला मोबाइलच्या पाच इंची पडद्यावर, हलणाऱ्या कॅमेऱ्यात, पोरीचा तोच हात खाली आलेला दिसला. मेहुण्यांना हे सांगा. बादली धरणाऱ्याला हे दिसत नाही.

दुसरं उदाहरण लुईसचं. 1994 मध्ये ऑलिव्हर मॅकॉलने त्याला लंडनमध्ये दुसऱ्याच राउंडला झोपवलं. मॅकॉलच्या कॉर्नरमध्ये स्टुअर्ड होते. लुईसने काय केलं, तर ज्याने आपल्याला पाडायची युक्ती सांगितली त्यालाच कोच म्हणून घेतलं. त्यानंतर त्याचा तोल सुधारला, डावा जॅब नुसता दाखवायचा राहिला नाही, आणि तो त्या पिढीचा निर्विवाद हेवीवेट विजेता झाला. 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेत, उंचावरच्या हवेत, हा गडी पुरेशी तयारी न करता उतरला आणि हसीम रहमानकडून हरला. तेव्हाही कॉर्नरला स्टुअर्डच होते. सात महिन्यांनी परतीच्या लढतीत त्याने रहमानला चौथ्या राउंडमध्ये संपवलं. चांगला कोच असा दिसतो. तो हार पूर्णपणे थांबवू शकत नाही, पण एका हारीतून बॉक्सर बाद होऊ देत नाही.

आणि डंडी? त्यांची खरी कमाई मला त्यांनी न केलेल्या गोष्टींत दिसते. अली हात कमरेपाशी ठेवायचे, ठोसा चुकवताना मागे झुकायचे, पुस्तकात जे करू नका म्हणून लिहिलंय ते सगळं करायचे. दुसऱ्या कोणी पहिल्या आठवड्यातच ते मोडून काढलं असतं. डंडींनी हात लावला नाही. एखादी गोष्ट करून घ्यायची असली तर सरळ सांगायचे नाहीत. आज तुझा जॅब काय सुंदर सुटत होता, गुडघा कसा वाकवलास, असं नुसतं कौतुक करायचे, अलींनी तसं काही केलेलं नसतानाही. दुसऱ्या दिवशी अली ते करायला लागायचे. आपल्या पी.टी.च्या तासाला ही युक्ती चालणार नाही, ते सोडा.

पण 1964 मध्ये सॉनी लिस्टनशी लढताना याच शांत माणसाने उलटं केलं. चौथ्या राउंडनंतर काहीतरी डोळ्यात जाऊन बावीस वर्षांच्या क्लेला दिसेनासं झालं. ग्लोव्हज कापा, मी लढत नाही, असं तो म्हणायला लागला. डंडींनी त्याचे डोळे धुतले, त्याला उभं केलं आणि पळत राहा म्हणून रिंगमध्ये ढकललं. त्या राउंडमध्ये तो खरंच पळत राहिला, मग डोळे उघडले, आणि सातव्या राउंडला लिस्टनच स्टुलावरून उठला नाही. ते ढकलणं झालं नसतं तर अली या नावाचा इतिहास कुठल्या वळणाने गेला असता कोण जाणे. तीस सेकंदांचं काम, पण त्यामागे त्या पोराला ओळखण्यात गेलेली वर्षं होती.

1981 मध्ये शुगर रे लेनर्ड थॉमस हर्न्सविरुद्ध गुणांत मागे पडत होता, डोळा सुजला होता. बाराव्या राउंडनंतर डंडींनी त्याला तोंडावर सांगितलं की पोरा, तू हे हातचं घालवतोयस. चौदाव्या राउंडमध्ये लढत लेनर्डच्या बाजूने थांबली. पण तुम्हाला यातलं दुसरंच पात्र ओळखीचं वाटेल. लेनर्डला मेरीलँडमधल्या पामर पार्क वस्तीच्या करमणूक केंद्रात घडवलं ते डेव्ह जेकब्ज आणि जँक्स मॉर्टन यांनी. डंडी व्यावसायिक लढतींच्या वेळी आले, तेही लढत जवळ आली की काही आठवड्यांसाठी. 1980 मध्ये रॉबर्टो डुरानकडून हरल्यावर लेनर्ड लगेच परतीची लढत घ्यायला निघाला, तेव्हा जेकब्ज म्हणाले, आधी एखादी हलकी लढत घे. ऐकलं नाही म्हणून त्यांनी साथ सोडली. निकाल काय लागला? नोव्हेंबरमध्ये लेनर्डने डुरानला असं नाचवलं की तो आठव्या राउंडमध्ये पाठ फिरवून चालता झाला. जेकब्जचा अंदाज चुकला. पण पोराला मार बसू नये म्हणून बोललेला माणूस चुकला म्हणून वाईट कोच होत नाही. पुढे ते लेनर्डकडे परतलेही.

हे सगळं मांडून माझं मत सांगायचं तर असं : कोचचा वाटा एकसारखा नसतो, तो कलता असतो. चांगला कोच साध्या बॉक्सरला विजेता करू शकेल याची खात्री नाही. वाईट कोच मात्र चांगल्या बॉक्सरला हमखास संपवतो. बनवण्यापेक्षा बिघडवण्याची ताकद जास्त आहे, आणि म्हणून चांगल्या कोचचं बरंचसं काम न घडलेल्या गोष्टींचं असतं. न घडलेल्या गोष्टी पेपरात येत नाहीत.

टायसनचंच पाहा. डमाटो 1985 मध्ये वारले. त्यांच्याच पठडीतले केव्हिन रूनी 1988 पर्यंत टायसनच्या कॉर्नरला होते, मग त्यांना काढलं. 1990 च्या फेब्रुवारीत टोकियोत बस्टर डग्लससमोर टायसनचा डोळा सुजत गेला, तर त्याच्या कॉर्नरकडे सूज दाबायची ती थंडगार पट्टीसुद्धा नव्हती! रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्याला लावत बसले होते. जगातला सगळ्यात महागडा बॉक्सर, आणि त्याच्या कोचांकडे तुमच्या प्रथमोपचार पेटीइतकंही सामान नाही. त्या रात्री टायसन फक्त यामुळे हरला नाही, डग्लस आयुष्यातली सर्वोत्तम लढत लढला. पण बादली नीट धरायलाही अक्कल लागते, हे त्या हातमोज्याने जगाला दाखवलं.

भारतात बॉक्सर लवलीना बोर्गोहाईंचं उदाहरण ताजं आहे. आसामात पदुम बोरो यांनी तिला शाळकरी वयात हेरलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळालं, प्रशिक्षक संध्या गुरुंग यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी याच गुरुंगबाईंना प्रवेशपत्र वेळेवर मिळेना म्हणून लवलीनाला जाहीर तक्रार करावी लागली. ती तिथे उपांत्यपूर्व फेरीत हरली. एका प्रवेशपत्राने पदक गेलं असं मी म्हणणार नाही. पण ऑलिंपिक पदकविजेतीला लढतीच्या तोंडावर ज्या गोष्टीसाठी भांडावंसं वाटलं, ती म्हणजे आपला माणूस कॉर्नरला हवा. बॉक्सर स्वतः हे कसं पाहतात, त्याचा यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

आता तुमचं.

पेपरवाल्यांना फोन करू नका. बातमीदाराने पदक मिळालं त्या जागी जो कोच उभा होता त्याचं नाव घेतलं, त्यात तुमचा अपमान करायचा हेतू नव्हता. तुम्ही फोन केलात तर दुसऱ्या दिवशी बातमी 'श्रेयवादाची' होईल आणि पोरीला दोन सरांच्या मध्ये उभं राहावं लागेल. तिला आधी एक फोन करा, अभिनंदनाचा. त्यात नावाचा विषय काढू नका. ती वयाने लहान आहे, अकादमीत राहते, रोज ज्याच्यासमोर उभं राहायचं त्याचंच नाव तिच्या तोंडी येणार.

संघटनेचं मात्र वेगळं. तिथे मन दुखावल्याचं पत्र न देता कागद द्या. राज्याचे क्रीडा पुरस्कार मार्गदर्शकांनाही असतात, रोख बक्षिसांत मार्गदर्शकाचा विचार होतो, आणि तिथे कोणाची आठवण चालत नाही, पुरावा चालतो. तिच्या शालेय स्पर्धांचे प्रवेश अर्ज, ज्यावर मार्गदर्शक म्हणून तुमची सही आहे, व्यायामशाळेचं हजेरीचं रजिस्टर, तारखेचे फोटो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन सध्याचा शासन निर्णय मागा आणि तिच्या खेळाडू म्हणून नोंदीत पहिला मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव लागतं का ते विचारा. हा तुमचा हक्क आहे, त्यात मिंधेपण नाही.

आणि सर, पैसे घ्यायला लागा. थोडे घ्या, ज्याला जमत नाही त्याला माफ करा, पण घ्या. फुकट शिकवणाऱ्याला मोबदला म्हणून फक्त श्रेय उरतं, आणि श्रेय दुसऱ्यांच्या हातात असतं. महिन्याला पॅडचं शिवण आणि बँडेज निघालं तरी तुमचा हा सल निम्मा होईल, असं मला वाटतं.

उजव्या हाताबद्दल : तिला कळवू नका, अकादमीच्या कोचना कळवा. तिला सांगितलंत तर रिंगमध्ये तिच्या डोक्यात दोन आवाज असतील, आणि तीन मिनिटांच्या राउंडमध्ये दोन आवाज ऐकणारा बॉक्सर ठोसा खातो. म्हणूनच चांगल्या कॉर्नरमध्ये माणसं तीन असली तरी बोलणारा एकच असतो. कोचना साधा मेसेज करा : सेमीफायनल पाहिली, अपरकटनंतर उजवा परत गालाशी येत नाही, माझ्याकडे असताना भिंतीशी उभं करून शॅडो करून घेतलं की सुधारायचं. जे काही तुम्ही करून घेत होतात ते लिहा. ते हुशार असतील तर आभार मानतील. नसतील तर तुमच्याकडून काम झालं.

राहिला तो सोळा वर्षांचा मुलगा. त्याच्याबद्दल तुम्ही 'जाता जाता' लिहिलंत, पण माझ्या लेखी तुमच्या पत्रातला हाच मुख्य प्रश्न आहे. उत्तर नाही. त्याला खेळवू नका.

1975 मध्ये मनिलाला अली-फ्रेझिअर तिसऱ्यांदा लढले. डरहॅम तोवर वारले होते, फ्रेझिअरचा कॉर्नर एडी फच यांच्याकडे होता. चौदा राउंड झाले, एकच उरला. फ्रेझिअरचा एक डोळा मुळात अधू, दुसरा सुजून बंद, समोरून येणारे ठोसे त्याला दिसत नव्हते. तो उठायला निघाला. फच यांनी त्याला खाली बसवलं आणि लढत सोडली. अलींच्या कॉर्नरमध्येही तेव्हा अवस्था बिकट होती, आणखी एक राउंड अली उठले असते की नाही यावर लोक अजून वाद घालतात. फच यांनी त्या वादाची पर्वा केली नाही. त्यांनी रिंगमध्ये माणसं मेलेली पाहिली होती, आणि फ्रेझिअरला पोरंबाळं होती.

तुमच्या बाबतीत तर निर्णय एवढा अवघडही नाही, कारण तो नियमातच आहे. हौशी मुष्टियुद्धात डोक्याला मार लागून लढत थांबली तर किमान 30 दिवस ना स्पर्धा, ना स्पारिंग, आणि भान हरपलं असेल तर त्याहूनही जास्त. तीन महिन्यांत पुन्हा तसं झालं तर 90 दिवस, वर्षात तिसऱ्यांदा झालं तर पूर्ण वर्ष. मार तालमीत लागला म्हणून मेंदू वेगळा हिशेब करत नाही. स्पर्धेत डॉक्टर आणि रेफरी तरी असतात, तुमच्या व्यायामशाळेत ते दोन्ही तुम्हीच आहात. 'ठणठणीत आहे' हे मुलाच्या तोंडचं ऐकू नका, पोरं खेळायला मिळावं म्हणून डोकेदुखी लपवतात. उद्याच त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, भान किती वेळ हरपलं होतं ते डॉक्टरांना खरं सांगा आणि जे सांगतील ते लेखी घ्या. उलटी झाली, डोकं वाढत्या प्रमाणात दुखू लागलं, बोलण्यात किंवा चालण्यात फरक वाटला, नेहमीपेक्षा जास्त गुंगी आली, तर उद्याची वाट न पाहता त्याच रात्री.

वडिलांना घरी जाऊन भेटा, फोनवर नको. मुलाला समोर बसवू नका. विभागाची यादी गेली असेल तर माघारीचं पत्र तुमच्या सहीने शाळेमार्फत द्या, म्हणजे 'सरांनी खेळू दिलं नाही' हा राग तुमच्यावर राहील, मुलावर येणार नाही. या काळात त्याला व्यायामशाळेत येऊ द्या. आधी नुसतं बसू दे, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर चालणं, दोरी, मग बॅग. डोक्याला ठोसा लागेल असं काहीही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. आणि तोवर स्पारिंगच्या जोड्या पुन्हा तपासा. सोळा वर्षांचा मुलगा तालमीत भान हरपेपर्यंत पडतो, तेव्हा बहुतेक समोरचा वजनाने किंवा वयाने मोठा असतो.